पंचमीच्या दिवशी जाळलेल्या तारा

आये, माझी छाती साफ आहे. काल कागद हातात मिळाला. आधी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला तेव्हा मी खुर्चीची कड धरली, कारण दोन्ही बाजूंना नुसतं काळं दिसत होतं, आणि छाती आणि काळं हे दोन शब्द जवळ आले की मला एकच दिवस आठवतो. पण त्या म्हणाल्या, ह्यात काळं म्हणजे हवा, काळं चांगलं, पांढरे डाग दिसले तर काळजी करायची. आपल्या धंद्यात सगळं उलटं. पांढरा कागद वेगळा, पांढरी बाटली वेगळी, आणि काळ्या प्लास्टिकला भंगारवाला दारात उभं करत नाही. मला हसूच आलं. बाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमच्याकडं असा माल परत पाठवतात.

हे तुला सांगायचं म्हणून वही घेतली. वहीसुद्धा कचऱ्यातलीच आहे, मागची निम्मी कोरी. पुढच्या पानांवर कुणीतरी भागाकार केलेत आणि ते चुकलेत असं मला वाटतं, पण मी आठवीत शाळा सोडलेली, माझ्या वाटण्याला काय अर्थ? तू असतीस तर म्हणाली असतीस, "फिरून फिरून भोपळे चौकात. मुद्द्याचं बोल की, बये." येते मुद्द्यावर. पण आधी मी कुठं आहे ते तर सांगायला पाहिजे.

मी मलकापूरला आहे, कराडला लागून. तू गेल्यावर मामानं मला जतला नेलं, मेंढरांच्या मागं. ते काही जमलं नाही. मग तासगावला द्राक्षाच्या शेडवर, सांगलीत हळद निवडायला, मिरजेत एका खानावळीत, वाईला पाकिटं भरायला. एका जागी बूड टेकलं नाही. कुठंही गेले तरी कचरा दिसला की हात शिवशिवायचे आणि त्याच वेळी तो दिवस आठवायचा, म्हणून पुढच्या गावाला. औंदा मात्र इथं थांबले. इथं एक शेड आहे, घंटागाड्या सुका कचरा आणून ओततात, आणि आम्ही अकरा बायका टेबलापाशी उभ्या राहून तो निवडतो. उभ्या राहून, आये. तू आयुष्यभर वाकून वेचलंस. इथं वर पत्रा आहे, हातमोजे आहेत, तोंडाला मास्क आहे, झाडायच्या आधी जमिनीवर पाणी मारायचं असा नियम आहे म्हणजे धूळ उडत नाही. आणि माझ्या शेजारी कोण उभी असते? आपली मावशी. इस्लामपूरला तुझ्याबरोबर पहाटे पोतं घेऊन निघायची ती. लेकीकडं राहायला आली इकडं. वरचा एकच दात राहिलाय, पण तोंड तेवढंच चालतंय. मला पहिल्या दिवशी बघून म्हणाली, "आयचं नाक घिऊन आलीयास, कान बी आनलंस का न्हाई?"

कान म्हणजे तुझा कान. ते आमच्या शेडवर कुणालाच खरं वाटत नाही. बाकीच्या बायका प्लास्टिक कुठल्या जातीचं ते कळत नसेल तर कड पेटवून वास घ्यायच्या, आता आतमध्ये लायटर आणायला बंदी आहे म्हणून कमी झालंय. तू कधी काडी लावली नाहीस. तू डबा कानाशी न्यायचीस, नखानं टिचकी मारायचीस आणि म्हणायचीस, "कडक." नाहीतर, "नरम." तुझ्या बापाकडं मेंढरं होती तेव्हा अंधारात नुसत्या घंटीवर तू कुठलं मेंढरू कुठं हाय ते सांगायचीस म्हणे, त्याच कानानं पुढं बाटल्या ऐकल्यास. मी नाक लावायला गेले की पाठीत धपाटा. "नाकानं न्हाई, कानानं बघ. नाकातनं आत जातं, कानातनं काय जात न्हाई." मला वाटायचं ही तुझी ऐट आहे.

तशा तुझ्या सगळ्या रीतींना मी ऐटच समजायचे. दवाखान्याच्या मागची सुई सापडली की तू ती जाड बाटलीत टाकून टोपण घट्ट पिळायचीस, आणि ती बाटली विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, देवाच्या फळीखाली कोपऱ्यात ठेवायची. आपल्या घरात देवाच्या खाली सुयांच्या तीन बाटल्या होत्या. गाडीची जुनी बॅटरी कुणी फोडायला लागलं की तू भांडायला उठायचीस. "त्यातलं पानी वड्यात सोडू नगा, खालच्या अंगाला म्हशी पितात." लोक म्हणायचे, हिच्या म्हशी हायत काय? तू म्हणायचीस, "न्हाईत. म्हनून काय झालं?" हे तुला कुणी शिकवलं होतं? तेव्हा ना शिबिर होतं, ना मास्क वाटायला कोण येत होतं. आता आम्हाला एक बाई येऊन तासभर हेच सांगतात, भिंतीवर चित्रं लावून, आणि मी मागं बसून प्रत्येक चित्राला मनात म्हणते, हे माझ्या आयेला ठाऊक होतं, हे बी ठाऊक होतं.

आता ती पंचमी.

मी चौदा वर्षांची. आदल्या दिवशी एका पाडलेल्या घराच्या राडारोड्यातनं तू वायरिंगच्या तारा आणल्यास, चांगलं अर्धं पोतं. तारा घरात आल्या की सोलायचं काम माझं. ब्लेडनं वरचं प्लास्टिक उभं चिरायचं, ओढायचं, आतलं तांबं लाल लखलखीत निघतं. बोटं सोलतात पण तांबं फार देखणं दिसतं. मला शिराळ्याला जायचं होतं, नागपंचमीच्या जत्रेला. गल्लीतल्या सगळ्या पोरी चालल्या होत्या, जादा एष्ट्या सुटणार होत्या. तू म्हणालीस, "तारा सोलून झाल्या की जा. माझी ना न्हाई." एवढं सोपं होतं. पण त्या दुपारी आमच्या शाळेमागं बोअर मारायची गाडी आली, आणि पाणी लागतंय का नाही ते बघण्यात माझी दुपार गेली. दिवे लागायला घरी आले. पाणी लागलं नाही ते नाहीच, आणि तारा तशाच.

सकाळी उठून ब्लेड हातात घेतलं तर तू ओरडलीस. "आज पंचमी हाय! आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तवा ठिवायचा न्हाई. ठिव ते खाली." मला आठवणच नव्हती. आपल्याकडं पंचमीला विळीसुद्धा आडवी करून ठेवतात. तू चुलीवर डाळ चढवलीस, पुरणाची दिंडं उकडायला, आणि घागर घेऊन नळाला गेलीस. मी तारांकडं बघत बसले. कापायचं नाही. सोलायचं म्हणजे कापणंच. पण जाळायचं नाही असं कुणी सांगितलं होतं? शेजारची माणसं जाळायची की तारा. घटकाभरात तांबं मोकळं. तेव्हा मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. घराच्या मागं घमेल्यात तारा टाकल्या, चिंधी रॉकेलात बुडवली, काडी ओढली.

तो धूर मला अजून दिसतो. वर जात नाही तो, जड असतो, कुत्र्यासारखा पायात घोटाळतो. मी घमेल्यावर वाकून काठीनं तारा खालीवर करत होते आणि तू आलीस. घागर डोक्यावर. मला खांद्यानं अशी ढकललीस की मी निवडुंगाच्या कुंपणाला जाऊन टेकले. आणि तू माझ्या जागी उभी राहिलीस आणि अख्खी घागर घमेल्यात ओतलीस. ती चूक होती, आये, माती टाकायला पाहिजे होती, आता मला शिकवलंय. पाणी पडलं आणि त्यातनं जो काळा लोट उठला तो सगळा तुझ्या तोंडावर. तू दिसेनाशीच झालीस. नुसता खोकला ऐकू येत होता.

मग तू बाहेर आलीस. डोळे लाल, पदर काळा. "माझ्या दारात परत काडी वडलीस तर हात मोडून गळ्यात बांधीन."

मी रडत म्हटलं, "ब्लेड लावायचं न्हाई म्हनून तूच सांगितलंस की!"

"मंग उद्या सोलायच्या हुत्या. तांबं काय पळून चाललं हुतं?"

तू उंबऱ्यावर बसलीस, खोकत. मी रागानं निघून गेले. तिन्हीसांजेला परत आले तेव्हा तू माझी दिंडं ताटलीखाली झाकून ठेवली होतीस, वर तुपाचा थेंब. म्हणालीस, "कुठं हुतीस?" मी म्हटलं, "वड्याकडंला बसले हुते." आणि तुला एक फणी दिली. हिरवी, कचऱ्यात घावली म्हणून सांगितलं. तू ती शेवटपर्यंत वापरलीस. अजून माझ्याकडं आहे ती. तिचं नंतर सांगते.

तो खोकला गेलाच नाही. निदान मला तरी असंच आठवतं. त्या दिवसापासून खोकला, मग चढ चढताना दम, मग बसल्या जागी दम, आणि मी सोळा वर्षांची असताना तू सरकारी दवाखान्यात गेलीस ती परत आली नाहीस. कुणी म्हणालं फुप्फुसं गेली. मी कुणालाच काही बोलले नाही. मामाला नाही, मावशीला नाही. माझ्या डोक्यात हिशोब पक्का होता: एक घमेलं, एक काडी, एक आय. तेरा वर्षं मी हा हिशोब खिशात घेऊन गावोगाव हिंडले. कुठं चुलीचा धूर अंगावर आला तरी उठून जायचे. लोक म्हणायचे, हिला भारी नखरे.

आणि औंदाच्या पावसाळ्यात मला खोकला लागला. कोरडा, ठसका बसायचा. दीड महिना. मी मास्क ओढून खोकायचे म्हणजे कुणाला दिसू नये. मनात एकच, मी बी त्या घमेल्यावर वाकले होतेच की. आता माझी पाळी. वाईट वाटण्यापेक्षा आये, मला ते बरोबरच वाटत होतं, फिटंफाट. पण भीती काही कमी होत नव्हती. आणि नेमकं तेव्हाच कळलं की शेडवर छातीचा फोटो काढणारी गाडी येणार, सगळ्यांनी तपासून घ्यायचं.

गाडी यायच्या दिवशी मी सकाळी शेडवर म्हणून निघाले आणि कराडच्या स्टँडवर गेले. समोर कोयनानगरची एष्टी लागली होती, चढले. घाटात खिडकीतनं एवढं हिरवं दिसत होतं की मी कशासाठी पळालेय तेच विसरले. खाली उतरून एका बाईकडनं भाजकं कणीस घेतलं. ती निखाऱ्यावर फुंकर घालत होती, मी चार हात लांब उभी. म्हणाली, "लांब का? जवळ ये, चावत न्हाई मी." मी म्हटलं, धूर चालत नाही. मग बोलता बोलता तिनं विचारलं, "कुनाकडं आलीयास?"

"कुनाकडं न्हाई. छातीचा फोटो काढायचा हुता."

"हितं?"

"न्हाई. मलकापूरला."

ती कणसाला मीठ-लिंबू चोळत म्हणाली, "आवं बाई, आमची हितं भुईच हालती अदनंमदनं. भांडी पडत्यात फळीवरची. आमी न्हाई पळालो कुठं, आन तू फोटोला भिऊन एवढा घाट चढलीस?" आणि अशी हसली की मला पण हसायला लागलं, आणि हसता हसता ठसका, आणि ठसका थांबेना. तिनं पाण्याची बाटली दिली. म्हणाली, "जा गं बाय. जे हाय ते हाय. फोटो काडला म्हनून वाढत न्हाई." दुपारच्या गाडीनं परत आले.

गाडी दुसऱ्यांदा आली ती गेल्या आठवड्यात, राहिलेल्यांसाठी. मावशीचा पण राहिला होता, तिचा गुडघा दुखत होता तेव्हा. तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. "गेल्या बारीला उडालीस चिमणीवानी. आज बघती कशी जातीस." आत एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, लिहून घ्यायला. आधी मावशी. वय? "तुमीच लिवा अंदाजानं." तंबाखू? "मिसरी धरत असाल तर व्हय." मग बाईंनी विचारलं, "कधी तारा, टायर वगैरे जाळायचं काम केलंय का?"

मी मनगट सोडवायला बघितलं. आणि मावशी, दोन्ही हात हवेत नेऊन, म्हणजे माझं मनगटही वर नेऊन म्हणाली, "जाळल्यात म्हंजे! आवं, मी आन हिची आय, आमी दोगी सात वर्सं दर ऐतवारी वड्याला जाळ लावून बसायचो. आक्ख्या इस्लामपुरातल्या तारा आमच्याकडं यायच्या. घरी जाऊन नाक शिंकरलं तर काजळ. डोळ्यात घालायला इकत आनावं लागत न्हवतं."

मी म्हटलं, "माझी आय? ती काडी सुदिक वडू द्यायची न्हाई."

"तू पोटात ऱ्हायलीस तवापासनं. त्याच्या आदी वडायचीच की. एका ऐतवारी जाळ पेटवला आन ही लांब उबी. म्हटलं, काय गं? तर म्हनली, 'मी काळं थुकाया लागलीया. आता आत पोर हाय, ती बी काळं थुकंल.' काडीपेटी वड्यात फेकली. तवापासनं तारा सोलूनच इकल्या बाईनं, एक दिस मोडला न्हाई. आमी हसायचो तिला. तिचा खोकला काय गेला न्हाई, पर." मग मावशी बाईंकडं वळून म्हणाली, "हिच्या जल्माआदीचा खोकला हुता तिला. तिला म्हंजे हिच्या आयला. हिला न्हाई. हिचा नवा हाय."

सात वर्षं, आये. माझ्या जन्माआधी. आणि मला आठवतो तो खोकला त्या पंचमीपासूनचा, कारण त्याच्या आधी मी ऐकलाच नसेल. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण ऐकतं? तुझा कान मला नाही आला, तो असा.

माझी पाळी आली तेव्हा बाईंनी काही विचारायच्या आधी मीच विचारलं. एकदाच, एका दुपारी, माणसाला असा तारांचा धूर लागला तर तेवढ्यानं माणूस जातं का? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "कुणाबद्दल विचारताय?" मी म्हटलं, असंच. त्या म्हणाल्या, "न बघितलेल्या पेशंटचं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण फुप्फुसं अशी हळूहळू कामातून जातात ती बहुतेक वर्षानुवर्षांच्या धुरानं. एका दुपारच्या धुरानं त्रास होतो, आधीचा त्रास वाढूही शकतो. पण सगळा दोष त्या एका दुपारवर टाकता येणार नाही." मला तेवढं पुरलं. तेरा वर्षांचं ओझं बाईंनी असं चार वाक्यांत काढलं, आणि वर म्हणाल्या, "खोल श्वास घ्या." मी घेतला. खरंच आत गेला.

तुला त्या दिवशी धूर लागला तो माझ्यामुळंच, ते मी खोडत नाही. पण तू का ओरडलीस ते मला आता कळलं. मला वाटायचं तुला तारांचा राग आला, पंचमी मोडल्याचा राग आला. तू ज्या आगीपासनं मला पोटात असल्यापासून लांब ठेवलंस, ती मी आपल्याच दारात पेटवून वर वाकून बसले होते. म्हणून घागर. म्हणून खांदा. आणि माझी छाती साफ आहे. खोकला धुळीचा निघाला, मास्क नाकाच्या खाली ओढून बोलायची सवय आहे मला, बडबडीपायी. आता बोलताना काढत नाही. मावशी म्हणते तेवढाच जगाला आराम. मावशीला मात्र पुढच्या तपासणीला बोलावलंय, तिला मी घेऊन जाणार आहे, मनगट धरून.

आता हे पाठवायचं कुठं? आमच्या शेडवर लिहिलेला कागद वेगळ्या पोत्यात जातो, पिना काढून, आणि तिथनं गठ्ठा होऊन कुठल्यातरी गिरणीत. तिथं टाकवत नाही. वहीतच राहू दे, चुकलेल्या भागाकारांच्या मागं.

फणीचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी मी ती तुला दिली तेव्हा तू ती कानाशी नेलीस आणि दातांवरनं नख फिरवलंस. टर्रर्र. आणि माझ्याकडं बघत म्हणालीस, "नवी हाय." मी म्हटलं, लोक नवं बी टाकतात. दिंडाची ताटली पुढं सरकवलीस. आये, मी ओढ्याकडंला बसलेच नव्हते. मी शिराळ्याला गेले होते. पाळण्यात दोनदा बसले. लय मजा आली.